टोलमामांचा इंग्रजी सिनेमा

टोलमामांना इंग्रजी येत नव्हतं, आणि आमच्या शाळेत इंग्रजी सिनेमा कळायचा तो फक्त त्यांनाच. हे मी पाचवीपासून दहावीपर्यंत दर शनिवारी माझ्या डोळ्यांनी पाहिलं आहे. टीव्हीवरच्या लांब नाकाच्या गोऱ्या हेडमास्तराने तोंड उघडलं की आम्ही पन्नास-साठ पोरं टीव्ही सोडून दाराकडे माना वळवायचो. दाराशी लाकडी स्टुलावर मामा बसलेले असायचे. ते घसा खाकरायचे आणि सांगायचे, "हेडमास्तर म्हनतोय, कुनी रे माज्या टोपीत बेडूक ठिवला? अन् ठिवला तर ठिवला, एकच का ठिवला?" मग आम्ही हसून हसून एकमेकांच्या अंगावर पडायचो. हेडमास्तर खरं काय म्हणाला, हे विचारायची गरज आम्हाला कधी वाटली नाही.

मामा आमच्या हायस्कूलचे शिपाई. शाळा राहुरी तालुक्यात, मुळेच्या कालव्याकाठी, तिन्ही बाजूंनी ऊस आणि चौथ्या बाजूला डांबरी रस्ता. आवारातल्या कडुलिंबाला रेल्वेच्या रुळाचा हातभर तुकडा टांगलेला होता, आणि त्यावर हातोडी मारून टोल द्यायचं काम मामांचं. म्हणून ते टोलमामा. त्यांच्या टोलावर एसटीचा ड्रायव्हर घड्याळ लावतो असं गावात म्हणायचे. ड्रायव्हरचं मला माहीत नाही, पण माझी आई मधल्या सुट्टीच्या टोलावर गाईला पाणी दाखवायची, आणि गाईची कधी तक्रार नव्हती. मामांचं खरं नाव काय, हे मात्र आम्हाला दहावी पास होईपर्यंत ठाऊक नव्हतं.

आता आमच्या गावात विलायती सिनेमे आले कुठून? तर शाळेच्या एका जुन्या हेडसरांची लेक लग्न होऊन तिकडे नांदायला गेली होती. पोरांच्या कानावर इंग्रजी पडावं म्हणून तिने चार व्हिडिओ कॅसेटी पाठवल्या. चारही तिकडचे जुने, काळे-पांढरे, विनोदी सिनेमे, आणि चारही शाळांचेच. काळे झगे घातलेले मास्तर, पट्ट्यापट्ट्यांचे टाय लावलेली वांड पोरं, दगडी जिने आणि कधी न वाळणारं हिरवं मैदान. दोन कॅसेटींना बुरशी खाऊन गेली, एकीची फीत अर्ध्यात तुटली, एक धड राहिली. म्हणजे आमच्या शाळेची सगळी दौलत दीड सिनेमा. त्या दीड सिनेमावर आमच्या किती तुकड्या हसल्या, त्याला गणती नाही.

मामा या कामाला लागले त्याचीही गंमत आहे. तेव्हाचे इंग्रजीचे सर व्याकरणात पक्के होते, पण त्या लोकांचं तोंडातल्या तोंडात भरभर बोलणं त्यांनाही उमगेना. आता ते पोरांसमोर कबूल कोण करणार? पहिल्याच शनिवारी दहा मिनिटांत ते उठले, "नीट ऐका, ऐकून ऐकून कान तयार होतो," असं आम्हाला सांगून चहाला गेले, आणि जाता जाता मामांना म्हणाले, "मामा, गलका होऊ देऊ नका." मामांनी गलका होऊ दिला नाही. पोरं चुळबुळ करायला लागली तशी त्यांनी सरळ गोष्ट सांगायला सुरुवात केली. सर चहा घेऊन आले तर वर्ग चिडीचूप. तेही मागच्या बाकावर बसून ऐकायला लागले, आणि निवृत्त होईपर्यंत ऐकत राहिले.

धड राहिलेल्या सिनेमाची गोष्ट आमच्या गावात लहानथोरांना पाठ आहे. एका डबघाईला आलेल्या शाळेत तपासणीला साहेब येणार असतो. त्याच दिवशी शाळेचा मोठा पियानो सुरात लावायला एक कारागीर यायचा असतो. विसरभोळा हेडमास्तर कारागिरालाच साहेब समजतो, त्याला केक खाऊ घालतो, वर्गावर्गातून मिरवतो. खऱ्या साहेबाला मात्र संगीताच्या खोलीत कोंडून सांगतो की संध्याकाळपर्यंत पियानो वाजला पाहिजे. मामा पियानोला पेटी म्हणायचे. "सायबाला पेटीपाशी बशिवला हाय अन् पेटीवाल्याला सायबाच्या खुर्चीत. आता बगा मज्जा," एवढं वाक्य झालं की ज्यांनी तो सिनेमा वीस वेळा पाहिलाय तेही नव्याने सावरून बसायचे.

मामांचा जीव मात्र हेडमास्तरात नव्हता, साहेबातही नव्हता. त्या सिनेमात शाळेचा एक शिपाई आहे. जाडसर, मिशाळ, कमरेला किल्ल्यांचा जुडगा, हातात पितळी घंटा. सगळा मिळून पाच-सात मिनिटांचा असेल. पण तो दिसला की मामा स्टुलावरून अर्धे उठायचे. "आपला मानूस आला बगा!" मग आम्हीही ओरडायचो, "आपला मानूस आला!" तो घंटा हलवायचा तेव्हा मामा बारकाईने बघायचे आणि दर खेपेला म्हणायचे, "मनगाट चांगलं हाय गड्याचं."

सिनेमातला सर्वांत मोठा प्रसंगही मामांच्या मते याच माणसाचा. पियानोच्या खोलीतून कसाबसा सुटलेला साहेब शाळेच्या मागच्या पायरीवर येऊन बसतो, आणि शिपाई त्याला आपल्या मगातला चहा देतो. इथे मामांचा आवाज एकदम खाली यायचा. "आपला मानूस म्हनतो, सायेब, तुमी कोन ते मला सकाळीच कळलंय. तुमच्या बुटावं धूळ हाय. पोटासाठी येनारा मानूस बूट पुसून येतो, सायबाला कुनाची भीती? सायेब म्हनतो, मग सांगितलं का न्हाईस? आपला मानूस म्हनतो, सांगाया गेल्तो की. हेडमास्तर म्हनले, तुला कुनी इचारलं? कुनी न्हाई इचारलं. मग आलो माघारी अन् दिला टोल." इथे हशा. मग शेवटचं, जरा थांबून, "घ्या, च्या घ्या सायेब. आमच्या शाळंत शिकवन्यात कमी-जास्ती आसंल. पर पानी गार हाय अन् पोरं गुनाची हाईत. तेवढं लिवा तुमच्या वहीत." इथे कोणी हसायचं नाही. आपल्याला कोणीतरी गुणाचं म्हटलं, आणि तेही विलायतेत, याचा आम्हाला फार अभिमान वाटायचा.

एका वर्षी एका हुशार मुलाने विचारलं होतं की मामा, ती माणसं कुठली, आपण कुठले, मग त्यांच्यावर आपल्याला हसू का येतं? मामांनी स्टुलावर मांडी बदलली. "आरं, शाळा म्हंजी शाळाच. हितं काय अन् तितं काय. सायेब यायचा म्हनलं की समद्या हेडमास्तरांच्या पोटात गोळा येतो. मास्तरनं फळ्याकडं तोंड केलं की समद्या पोरांचे हात वळवळतात. झगा घातला म्हनून मानूस बदलतो व्हय?" पुढे मी कॉलेजात या जातीच्या सिनेमांविषयी बरंच काही वाचलं, पण ते अजून का टिकले आहेत याचं याहून पटणारं कारण मला कोणी दिलेलं नाही. छडीचा प्रसंग आला की लहान पोरं गप्प व्हायची. तेव्हाही मामा सांगायचे, "हसा बिनधास्त. छडी त्याच्या हातात हाय, आपल्या सरांच्या न्हाई." आमचे सर मागच्या बाकावर कसनुसं हसायचे.

राहिलेला अर्धा सिनेमा मुलींच्या शाळेचा होता. त्यात गावभर गाजलेल्या वात्रट पोरी, आणि त्यांची एक धिप्पाड मोठी बाई. बक्षीस समारंभाला पाहुणे जमलेत, बाई बक्षिसांचं मोठं कपाट उघडायला जातात, कपाटातून खडखड आवाज येतो, बाई मुठीला हात घालतात, आणि नेमकी तिथेच फीत तुटलेली. कपाटात काय होतं? आमच्या तुकडीला मामांनी सांगितलं, बोकड होता. माझ्या धाकट्या भावाच्या तुकडीला सांगितलं, शाळेचा सेक्रेटरी झोपला होता. यावरून आम्हा भावंडांत असं जुंपलं की एका ताटात जेवणारी आम्ही दोन दिवस तोंडं फिरवून जेवलो. शेवटी दोघं मिळून मामांकडे न्याय मागायला गेलो. मामांनी दोघांचं नीट ऐकून घेतलं आणि म्हणाले, "दोन्ही खरं हाय. कपाट लई मोठं हाय त्ये."

मी नगरला जाऊन इंग्रजी घेऊन बीए केलं, मग बीएड केलं, आणि फिरून फिरून त्याच शाळेत इंग्रजी शिकवायला आले. पहिल्या दिवशी फाटकाशी मामा उभे होते. केस पांढरे झालेले, टोपी तीच. त्यांनी माझ्या हातातली पिशवी काढून घेतली आणि म्हणाले, "या मॅडम." मी म्हटलं, मामा, मी वैशी, मला काय मॅडम म्हणता? तर म्हणाले, "फाटकाच्या भायेर वैशे. फाटकाच्या आत मॅडम. न्हाईतर पोरं तुला मोजायची न्हाईत." हा नियम त्यांनी शेवटपर्यंत पाळला. एकदा तर मी फाटकाच्या बरोबर मधोमध सायकल घेऊन उभी होते, तेव्हा काय म्हणावं या विचाराने ते नुसतेच हसले.

दीड सिनेमाही तोवर नव्या जमान्यात आला होता. राहुरीच्या एका लग्नाच्या शूटिंगवाल्याने त्या कॅसेटी सीडीवर उतरवून दिल्या होत्या, आणि सीडीवरून ते पेन ड्राइव्हवर आले. शूटिंगवाल्याने सवयीने सुरुवातीला गुलाबाची दोन फुलं, सनई आणि 'शुभविवाह' अशी अक्षरं टाकली होती. ती कोणी काढली नाहीत. त्यामुळे आजही स्मार्ट बोर्डावर आधी सनई वाजते, पोरं अक्षता टाकल्यासारखे हात उडवतात, आणि मग विलायतेतली शाळा भरते. मुलांच्या हातात मोबाईल आहेत, त्यावर हवा तो नवा रंगीत सिनेमा आहे, तरी शनिवारच्या सकाळच्या शाळेचे शेवटचे दोन तास कोणी चुकवायचं नाही. ओढ सिनेमाची होती की स्टुलाची, असं कोणी विचारलं असतं तर त्यांना सांगता आलं नसतं.

मी ते विचारलं नाही. मी त्याहून मोठा शहाणपणा केला. एका मे महिन्याच्या सुट्टीत कानाला हेडफोन लावून मी तो धड सिनेमा वाक्यावाक्याला थांबवून ऐकला, संवाद उतरवले आणि त्यांचं शुद्ध मराठी भाषांतर करून बावीस पानं काढली. मला अभिमान वाटत होता. बेडूक मुळात बेडूक नव्हताच, शाईची बाटली होती. हेडमास्तराला तर तिचा पत्ताही नव्हता, तो हवामानाविषयी बोलत होता. मुलांना आता खरं इंग्रजी कळेल, खरा विनोद कळेल, असं मला मनापासून वाटत होतं. मामांना काय वाटेल, हे त्या बावीस पानांत कुठेच आलं नव्हतं.

जूनच्या शेवटच्या शनिवारी मामांनी नेहमीसारखं स्टूल दाराशी ठेवलं. मी म्हटलं, "मामा, आज मी सांगते. सगळं उतरवून आणलंय."

"सांगा की," मामा म्हणाले आणि कौतुकाने माझ्याकडे बघत बसले. हे मला अजून टोचतं. इतकी वर्षं जो सिनेमा त्यांनी लोकांना सांगितला, तो खरा कसा आहे हे ऐकायला ते माझ्याइतकेच उत्सुक होते.

मुलं थोडी हसली, थोडी जांभया देत राहिली. मग पायरीचा प्रसंग आला. सगळे सरसावून बसले, कोणीतरी ओरडलंही, "आपला मानूस आला!" मी कागदावरून वाचलं, "साहेब विचारतात, तू इथे बरीच वर्षं आहेस का? शिपाई म्हणतो, होय सर. साहेब म्हणतात, चहा चांगला आहे. शिपाई म्हणतो, होय सर. साहेब म्हणतात, पाऊस येणार वाटतं. शिपाई म्हणतो, होय सर."

आठवीतली ईश्वरी उभी राहिली. "मॅडम, मग साहेब कोण आहे हे त्याला ठाऊकच नसतं?"

"नाही. त्याला काहीच ठाऊक नसतं. तो नुसता होय सर म्हणतो."

दारातून मामांनी विचारलं, "एवढंच म्हनतो?"

"हो मामा. एवढंच."

"तिन्ही बारी?"

"तिन्ही वेळा."

मामा उठले आणि बाहेर गेले. थोड्या वेळाने सुटीचा टोल पडला. मी घड्याळ पाहिलं. टोल चार मिनिटं आधी पडला होता. मामांच्या सगळ्या नोकरीत असं कधी झालं नव्हतं, आणि त्या क्षणी मला कळलं की आपल्या हातून काहीतरी वाईट झालंय.

पुढच्या शनिवारी स्टूल दाराबाहेर होतं. मी विनवलं, तर मामा म्हणाले, "न्हाई मॅडम, तुमीच सांगा. पोरान्ला खरं कळाया पायजे. इतकी वर्सं म्या आपलं कायबी सांगत बसलो." आवाजात राग नव्हता. राग असता तर मी पाय तरी धरले असते. मी सांगत राहिले, आणि वर्ग शहाण्यासारखा ऐकत राहिला. एकदा ईश्वरीनेच निरागसपणे विचारलं, "मॅडम, हा सिनेमा परीक्षेला आहे का?" दिवाळीनंतर शनिवारी निम्मी मुलं काही ना काही निमित्त काढून दांडी मारू लागली. आमचे हेडसर एरवी शनिवारच्या गलक्यावर कुरकुर करायचे. तेच एक दिवस म्हणाले, "अहो, हल्ली शनिवारी शाळा आहे की नाही तेच कळत नाही."

फेब्रुवारीअखेर मामा निवृत्त होणार होते. जानेवारीचा दुसरा आठवडा लागला तेव्हा माझ्या लक्षात आलं की हातात सातच शनिवार आहेत. मामा असे गप्पगप्प घरी गेले तर ते माझ्यामुळे, हे मला सहन होईना. त्याच रविवारी सकाळी मी त्यांच्या वस्तीवर गेले. मामा गाईसाठी घास कापत होते. मला बघून म्हणाले, "ये वैशे, बस." फाटकाबाहेर होतो ना आम्ही. मामींनी चहा आणून दिला. मी म्हटलं, "मामा, माझं चुकलं."

"तुजं काय चुकलं? तू शिकल्याली, तू खरं त्येच सांगितलं."

मामांनी विळा बाजूला ठेवला, आणि मला जी गोष्ट सांगितली ती शाळेत कोणालाच माहीत नव्हती. ते नोकरीला लागून दोनच वर्षं झाली होती, कॅसेटी यायच्याही आधी. शाळेची तपासणी होती. जीपमधून एक झकपक माणूस उतरला. तेव्हाच्या हेडसरांनी त्याला लेझीम लावून आत नेला, शाल दिली, नारळ दिला. तो होता नकाशे आणि तक्ते विकणारा. खरे साहेब एसटीने आले, फाट्यावरून चालत आले आणि फाटकाशी येऊन उभे राहिले.

"म्या वळखलं त्यांना. बुटावं धूळ. त्यो तक्तेवाला बूट पुसून आल्ता. पोटासाठी येनारा मानूस बूट पुसून येतो." मामा हे वाक्य बोलले आणि मी चहाचा कप खाली ठेवला. "सांगाया गेल्तो हेडसरांना. म्हनले, तुला कुनी इचारलं? म्हनलं, व्हय सर. आलो माघारी. सायबाला माज्या स्टुलावं बशिवलं, माठातलं पानी दिलं, निम्मी भाकर दिली. सायेब मानूस चांगला. म्हनला, कशी काय शाळा तुमची? पोरं कशी?"

"मग तुम्ही काय म्हणालात?"

मामांनी घासाची पेंढी आवळून बांधली. "व्हय सर म्हनलं. दुसरं काय आलंच न्हाई तोंडात. लई बोलायचं हुतं, पर धीर झाला न्हाई. मंग त्यो सिनेमा आला, त्यात आपला मानूस दिसला. म्हनलं, ह्यो तरी बोलला आसंल. एवढ्या मोठ्या शाळंतला गडी." ते हसले. "तर तुज्या कागदात त्यो बी माज्यासारकाच निगाला."

मला रडू आवरेना. मामी घाबरून पाणी घेऊन आल्या. बावीस पानं लिहिताना मी प्रत्येक शब्द तीन-तीनदा ऐकला होता, आणि त्या माणसाच्या तोंडावर आलेलं मला काही म्हणजे काही दिसलं नव्हतं. मी मामांना म्हटलं, "मला तो काय बोलला तेवढंच ऐकू आलं, मामा. त्याला काय बोलायचं होतं ते तुम्हीच सांगू शकता. जायच्या आधी एकदा सांगा." मामांनी विळा उचलला. "बगू," म्हणाले. त्यानंतरचे सहा शनिवार त्यांनी स्टूल दाराबाहेरच ठेवलं.

सातवा शनिवार त्यांच्या निरोपाचा. फळ्यावर रंगीत खडूने लिहिलं होतं, 'श्री. भागवत यांचा सेवापूर्ती समारंभ.' पाचवीतली दोन मुलं मला विचारायला आली की मॅडम, हे भागवत कोण आहेत आणि ते किती वाजता येणार. शाल झाली, नारळ झाला, हेडसरांचं भाषण झालं. हेडसर मनाने चांगले आहेत, पण बोलायला उभे राहिले की शाळेच्या स्थापनेपासून सुरू करतात. मग मामांना बोलायला उभं केलं. त्यांनी हात जोडले. "काय बोलू? व्हय सर म्हनता म्हनता नोकरी झाली. समद्यांनी संबाळून घेतलं," म्हणाले आणि बसले. टाळ्या झाल्या. सगळ्यांना ते साधं, छान वाटलं. मला नाही वाटलं.

सुटीला तासभर होता. मी हेडसरांना विचारून सिनेमा लावला. सनई वाजली, हात उडाले. मामा शालीसकट उठून आपल्या स्टुलावर, दाराबाहेर, जाऊन बसले. त्या दिवशी माझ्या हातात कागद नव्हते. मी अधूनमधून एखादं वाक्य सांगत होते आणि सिनेमा पुढे सरकत होता. पायरीचा प्रसंग आला तेव्हा मी आवाज पूर्ण बंद केला. साहेब पायरीवर बसला. मिशाळ शिपायाने चहाचा मग पुढे केला. साहेबाचे ओठ हलले. शिपायाचे ओठ हलले. वर्गात पंख्याचा तेवढा आवाज.

ईश्वरी हळूच म्हणाली, "मामा, आपला मानूस आलाय."

मी त्या चित्रावर सिनेमा थांबवला, शिपायाचं तोंड उघडं असतानाच. सगळा वर्ग पाठमोरा होऊन दाराकडे बघत होता, आणि मीही. मग बाहेरून स्टुलाचे पाय फरशीवर घासल्याचा आवाज आला. स्टूल आत आलं. मामा बसले, शाल मांडीवर घेतली आणि त्यांनी घसा खाकरला.

"आपला मानूस म्हनतो, सायेब, तुमी कोन ते मला सकाळीच कळलंय."

वर्गाने जो आरडाओरडा केला, तो रस्त्यापलीकडच्या दुकानापर्यंत गेला असेल. मामांनी हात वर करून सगळ्यांना गप्प केलं, कारण पुढचं सांगायचं होतं. त्या दिवशी त्यांनी जुनंच सगळं सांगितलं, बुटांवरची धूळ, हेडमास्तर, गार पाणी, आणि जुनं संपल्यावर नवं सांगायला लागले. "आपला मानूस म्हनतो, सायेब, ह्या शाळंत मी टोल दिला. पयला बी अन् शेवटचा बी. उशीर झाल्याल्या पोरान्ला फाटकाची कडी हळूच काढून दिली, त्ये हेडमास्तरला ठाऊक न्हाई. पावसात वह्या भिजू नये म्हनून समद्यांची दप्तरं माज्या खोलीत ठिवली. अन् एक वांड पोरगी हुती, ती शिकून मास्तरीन झाली, तिची पिशवी पयल्या दिवशी मीच उचलली. ह्ये बी लिवा तुमच्या वहीत." मी फळ्याकडे तोंड करून उभी राहिले. माझं काय झालं होतं ते पोरांनी बघू नये म्हणून.

सुटीची वेळ होऊन गेली. टोल पडला नाही. टोल देणारा आत बसून साहेबाशी बोलत होता, आणि त्याला वेळेचं भान नव्हतं. अखेर हेडसर स्वतः कार्यालयातून बाहेर आले, कडुलिंबाखाली गेले, हातोडी उचलली आणि रुळावर धडाधड कसेही घाव घालू लागले. तसला टोल आमच्या शाळेत कधी कोणी ऐकला नव्हता. एकही पोरगं जागचं हललं नाही.

मामांनी पडद्यावरची नजर काढली नाही. फक्त आवाज चढवला. "आपला मानूस म्हनतो, आवो सर, जरा दमानं मारा. मनगाट सैल सोडा. एक मारा, त्यो इरू द्या, मंग दुसरा."

रुळावरचे घाव थांबले. हेडसर हातोडी घेऊन खिडकीशी आले. त्यांनी आत पाहिलं, साठ पोरांकडे, माझ्याकडे, पडद्यावरच्या मिशाळ माणसाकडे आणि मग स्टुलाकडे.

"व्हय मामा," ते म्हणाले, आणि परत जाऊन त्यांनी एक टोल दिला, विरेपर्यंत थांबले, आणि मग दुसरा दिला.